पूर्ण नाव, पूर्ण पत्ता

"ठिणगीला पदर द्या म्हणणारी पत्रं अकरा," मी वाचून दाखवलं. "देऊ नका म्हणणारी एकोणचाळीस. त्यातली सदतीस एकाच वसतिगृहातून आलीत."

"मग द्यायचा की नाही?" हुक्केरी मास्तरांनी कुंचला पाण्यात बुडवत विचारलं.

"अर्धा द्या!" भाऊ आतल्या खोलीतून ओरडले. "दोन्ही पार्ट्या अंक विकत घेतात."

अठ्ठ्याऐंशी सालचा तो मंगळवार. सांगलीत आमच्या कचेरीत आम्ही तिघं 'भडका' नावाची चित्रकथा महिन्याच्या महिन्याला काढायचो. भाऊ आरवाडे मालक. मास्तर चित्रकार. आणि मी, नलिनी, वय सत्तावीस, पत्रव्यवहार नि पार्सलं बघणारी. 'भडका'त चौघं होते: वणवा, सुरुंग, ठिणगी आणि तोफखाना. नायक म्हणावं असा त्यांच्यात एकही नव्हता. निघायचे भलं करायला, पण बळ यायचं ते फक्त राग आल्यावर. मग गुंडाबरोबर गुंडाची गल्लीही सपाट. हे सगळं काढणारे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, आयुष्यात कुणाला अरे म्हणून हाक न मारलेले. वणव्याचा चेहरा काढायचा असला की आरशासमोर उभे राहून भुवया आवळायचे, आणि तरी तो बद्धकोष्ठ झाल्यासारखा दिसला की माझ्याकडे बघून ओशाळायचे.

वाचकांचं तसं नव्हतं. वाचकांना राग भरपूर होता. मी पत्रांचे गठ्ठे करायची: स्तुती, शिव्या, शंका आणि 'इतर'. 'रागानं भिंत फुटते, मग हात कसा फुटत नाही?' ही शंका. 'माझा निकाल राखून ठेवलाय, सुरुंगला एकदा बोर्डाच्या कचेरीवर पाठवा,' ही स्तुती, कारण खाली लिहिलं होतं, 'तुमच्यावर विश्वास आहे.' कवठ्याचे एक मुख्याध्यापक दर महिन्याला अंक समाजाला घातक असल्याचं कळवायचे आणि मागच्या अंकातलं पान बारा आपल्या प्रतीत उलटं शिवलंय, बदलून द्या, असंही कळवायचे.

पत्र छापायचं तर पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. निनावी पत्राला केराची टोपली. हा नियम भाऊंचा, पण वाचकांनाही तो आवडायचा. नाव छापून आलं की पोस्टमन दारात उभा राहून चार घरांना ऐकू जाईल अशी हाक मारायचा.

त्या दिवशी टपालात एक आंतरदेशीय पत्र होतं. उंबरगीहून. अक्षर पाहिलं आणि मला बरं वाटलं, कारण ते आमच्या 'महिन्याच्या पत्रा'चं अक्षर होतं. आदल्या महिन्यात त्याच बाईचं पत्र आलं होतं आणि ते वाचून मास्तरांनी कुंचला खाली ठेवला होता. शंभरात एखादं पत्र असं येतं. मला ते आजही पाठ आहे.

'तुमच्या चित्रकारांनी राग बघितलेला दिसत नाही,' असं तिनं लिहिलं होतं. 'तुमचा वणवा आधी ओरडतो. खरा राग ओरडत नाही. तो आधी दाराला कडी घालतो, मग रेडिओ मोठा करतो. तुमच्या वणव्याच्या रागानं शहरं वाचतात. आमच्याकडच्या रागानं फार तर घरातली भांडी बदलतात. दुसऱ्या दिवशी तोच राग गिऱ्हाइकाला हसून सुटे पैसे देतो. शेवटच्या चौकटीत ठिणगी त्याच्या हाताला पट्टी बांधते. ठिणगीच्या हाताला कोण बांधतं, ते एकदा दाखवा.'

"ही बाई बरोबर आहे," मास्तर म्हणाले होते. भाऊ म्हणाले होते, "बरोबर का असेना, झणझणीत आहे." त्याला बक्षीस ठरलं, सहा महिने अंक फुकट. चौकट करून, ठळक टायपात, खाली: सौ. शैलजा शि. मेथे, मठ गल्ली, उंबरगी. आणि आदल्या अंकात आम्ही जाहिरातही ठोकली होती: 'पुढच्या महिन्यात उंबरगीच्या वाचकाचा भडका!'

नव्या पत्रात चारच ओळी होत्या.

'पुढच्या अंकात उंबरगीचं पत्र आहे असं वाचलं. ते माझं असेल तर नाव छापलं नाही ना? मागच्या वेळी कागद संपला म्हणून आतल्या बाजूनं, चिकटवायच्या पट्टीवर लिहिलं होतं की नाव-गाव छापू नये. माझे यजमानच तुमचे उंबरगीचे एजंट आहेत, अंक आमच्याच घरात उतरतात. उत्तर पाठवू नये.'

आंतरदेशीय पत्र कसं उघडायचं हे आता सांगावं लागतं. त्याच्या कडेला गोंदाच्या पट्ट्या असायच्या. घरी माणसं त्या बोटानं हळूच उकलायची, कारण लिहिणारे शेवटचा नमस्कार, औषधाचं नाव, असलं काहीतरी तिथंच कोंबायचे. माझ्याकडे दिवसाला साठ-सत्तर पत्रं. मी कात्रीनं तिन्ही कडा सरळ कापायची. पट्ट्या टोपलीत, कागद हातात. या कामात माझा हात इतका बसलेला होता की भाऊ पाहुण्यांना बोलावून दाखवायचे.

टोपली केव्हाच रद्दीत गेली होती. अंक छापून झाला होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा. उंबरगीचं पार्सल साडेनऊच्या गाडीनं माझ्याच हातानं गेलं होतं.

भाऊंनी पत्र दोनदा वाचलं.

"आप्पा?" ते म्हणाले. "आपला उंबरगीचा आप्पा? महालक्ष्मी स्टोअर्स?"

एजंटांना आम्ही दुकानाच्या नावानं ओळखायचो. चिठ्ठीखाली तो 'आपला, आप्पा' एवढंच लिहायचा. मेथे हे आडनाव आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

"अहो, तो देवमाणूस आहे. एका अंकाचा कोपरा दुमडून परत पाठवला नाही कधी. दिवाळीला पेढे पाठवतो."

"पेढे मीही खाल्लेत, भाऊ."

"फोन करू?"

"कुणाला? त्यांनाच?"

भाऊंनी फोनकडे नेलेला हात मागं घेतला. मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "हे बघा नलूताई, आप्पा काही वाचत-बिचत नाही. वाचणारा एजंट बघितलाय तुम्ही? हलवाई मिठाई खात नाही. गठ्ठा सोडेल, दोरीला टांगेल, संपलं. तुम्ही गप्प बसा."

"गावात एकतीस अंक जातात," मी म्हणाले. "एक अंक चार जण वाचतात. सव्वाशे माणसं झाली. त्यातलं एकही मठ गल्लीत राहत नाही?"

"तुम्ही आकडे फार मांडता," भाऊ म्हणाले.

खरंच होतं ते. आकडे मांडूनच मी ठरवलं. दुपारची गाडी अडीच तासांत उंबरगीला जाते. छपाईत चूक झालीय म्हणायचं, गठ्ठा परत घ्यायचा. मास्तरांनी आपली छत्री माझ्या हातात दिली. बाहेर ऊन होतं.

महालक्ष्मी स्टोअर्स बसस्थानकासमोरच होतं. दोरीवर मासिकं, बरण्यांत गोळ्या, आत रेडिओ, त्याच्यावर क्रोशाचं झाकण. मी रस्ता ओलांडतानाच मला गठ्ठा दिसला. फळीखाली, सुतळीसकट, जसा मी बांधला होता तसा. माझ्या गाठी मी ओळखते. मला इतकं हलकं वाटलं की पायरी चढताना मी हसतच होते.

आप्पा चाळिशीचे, गोरटेले, कपाळाला विभूती, बाह्या नीट दुमडलेल्या. मी नाव सांगितल्याबरोबर फळी उचलून बाहेर आले.

"अहो नलूताई! तुमचं अक्षर दहा वर्षं वाचतोय, तोंड आज बघतोय. बसा, बसा. शैला! सांगलीहून ताई आल्यात, चहा टाक."

घर दुकानाच्या मागंच होतं. मधल्या दाराचा पडदा हलला. एक सावळी, उंच बाई दारात आली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग फळीखालच्या गठ्ठ्याकडे, आणि आत गेली.

"आप्पा, हे अंक मी परत न्यायला आलेय," मी म्हणाले. "छपाईत चूक झालीय. उद्या-परवा नवे पाठवते."

"एवढ्यासाठी तुम्ही आलात? चिठ्ठी पाठवली असती तर मीच लावून दिले असते गाडीला."

"इकडं काम होतं."

"मग न्या की. तुमचाच माल." त्यांनी गठ्ठा उचलून माझ्यापुढे ठेवला. मी हात घातला. तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा, मोजून देतो."

"मोजायला नको. एकतीस आहेत. मीच बांधलेत."

"ताई," ते हसले, "तुम्ही बांधले म्हणून मी कधी न मोजता घेतलेत का? मग द्यायचे कसे?" आणि सुतळी कापली.

बाकावर गाडीची वाट बघत एक म्हातारा पटकेवाला आणि एक कॉलेजातला पोरगा बसले होते. म्हातारा म्हणाला, "आप्पांचं काम लई चोख. माझी तंबाखूची पुडीबी तोलून देतेत."

एकतीस भरले. आप्पांनी ड्रॉवरमधून परतीची चिठ्ठी काढली. ती चिठ्ठी मीच आखलेली. तीन रकाने: प्रती, पान, कारण. एजंट उगाच अंक परत करू नयेत म्हणून 'पान' हा रकाना मी मुद्दाम घातला होता आणि त्याबद्दल भाऊंनी माझी पाठ थोपटली होती.

"प्रती एकतीस," त्यांनी लिहिलं. "पान?"

पत्रांचं पान तीस होतं. मी म्हणाले, "तीन."

त्यांनी पान तीन उघडलं. बोटानं चौकटी चाचपल्या. "इथं तर काही दिसत नाही."

"रंग सरकलाय. लाल."

"होय का?" त्यांनी अंक उजेडाला धरला. "आमच्या डोळ्यांना नाही कळायचं. पण मग पुढंही सरकला असेल. थांबा, सगळंच बघून लिहितो. नाहीतर भाऊ म्हणायचे, आप्पानं न बघताच सही केली."

"राहू द्या हो. मी सांगते भाऊंना."

"असं कसं?"

ते एकेक पान उलटत होते, अंगठ्याला थुंकी लावून, नोटा मोजावीत तसे. मजकुराकडे त्यांचं लक्षही नव्हतं, ते फक्त लाल रंग बघत होते. दहा. चौदा. मी छत्री पाडली. पोरानं उचलून दिली. बावीस. मी म्हणाले, "आप्पा, पाणी मिळेल का?" त्यांनी पानावरची नजर न काढता हाक मारली, "शैला, ताईंना पाणी."

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तिसावं पान उघडलेलं होतं.

आप्पांचं बोट चौकटीच्या तळाशी थांबलं. लाल रंग तिथं नव्हताच. त्यांनी नाव वाचलं. गल्ली वाचली. मग वर गेले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. वाचणारा माणूस नव्हता तो, ओठ हलत होते. मला एकेक ओळ कुठं पोचली ते कळत होतं.

तांब्या तिच्या हातात तसाच होता. मी हात पुढं केला तरी तो सुटला नाही.

"अरे!" आप्पा म्हणाले आणि हसले. अगदी मोकळं हसले. "बघा तरी! ही आमची! बक्षीस लागलंय हिला. काका, पेपरात नाव आलं आमच्या घरचं!"

"वा, वा!" म्हातारा म्हणाला. "वैनी, पेढे काढा."

"काय लिहिलंय वहिनींनी?" पोरानं मान पुढं केली.

"लिहिलंय की चांगलं," आप्पा म्हणाले आणि अंक मिटून मांडीवर ठेवला. "बी.ए.ला होती लग्नाआधी. मला कधी बोलली नाही, बरं का ताई. दहा वर्षं एका घरात, मला पत्ता नाही."

"गोष्टीतल्या माणसांबद्दल लिहिलंय ते," मी म्हणाले. "सगळे वाचक लिहितात तसंच."

"होय की. मी कुठं दुसरं म्हणतोय?" त्यांनी परतीची चिठ्ठी उचलली, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. "आता परत न्यायचं काही कारण नाही. लाल रंग चालतोय आम्हाला. घरचं नाव आहे, सगळे खपतील."

मग मी ते केलं, जे मला बसमध्ये सुचलंही नव्हतं. मी म्हणाले, "वहिनी, उद्या सांगलीत बक्षीस द्यायचा कार्यक्रम आहे. मी न्यायलाच आलेय तुम्हाला. पाचच्या गाडीनं जाऊ. माझ्याकडेच राहा."

म्हातारा पुन्हा वा, वा म्हणाला. आप्पा माझ्याकडे बघत होते. छपाईतली चूक, इकडचं काम आणि आता कार्यक्रम. आकडे त्यांनाही मांडता येत होते.

"जा की," ते तिला म्हणाले. "ताई एवढ्या लांबून आल्यात. जायचं असलं तर जा."

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. तांब्या फळीवर ठेवून तिनं पदराला हात पुसले.

"दूध ठेवलंय चुलीवर," ती म्हणाली.

"मी थांबते, तुम्ही दूध उतरवून या. साडीसुद्धा नको, माझ्याकडे आहेत."

"नको." ती आत गेली.

चहा तिनंच आणून दिला. आप्पा तेव्हा पोराला मासिक बांधून देत होते. कप घ्यायला मी वाकले, तशी ती कानाजवळ आली.

"तुम्ही कशाला आलात?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारावं तसं विचारलं. "ते काही वाचत नाहीत हो. कधीच नाही. मी चार वर्षं त्यांच्यासमोर बसून वाचतेय."

"गावात कुणीतरी सांगितलं असतं."

"मठ गल्लीत तीन बायकांना वाचता येतं," ती म्हणाली. "तिघीही नसत्या बोलल्या."

हा आकडा माझ्याकडे नव्हता.

पाचच्या गाडीला गर्दी होती. आप्पांनी खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली, वाहकाला ओळखीनं सांगून तिकीट काढू दिलं नाही. खाली उभे राहून म्हणाले, "भाऊंना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी मुक्कामाला या." गाडी वळली तेव्हा ते दुकानाची दोरी सोडत होते. उजेड चांगला होता अजून. मासिकं एकेक करून, कोपरे न दुमडता, आत ठेवत होते.

सांगलीत उतरून मी भाऊंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. भाऊ म्हणाले, "फौजदाराला कळवावं का?" मग आपणच म्हणाले, "काय कळवणार? की आमचा एजंट हसला?" दुसऱ्या दिवशी मी उंबरगीला पत्र टाकलं नाही. ती म्हणाली होती, उत्तर पाठवू नये. त्यानंतर मी कात्री वापरली नाही, बोटानं उकलायला लागले. पत्रं उरून राहायला लागली तशी भाऊंनी मदतीला एक मुलगी ठेवली. ती चटपटीत होती. आठवड्याभरात कात्रीनं कापायला लागली.

त्या महिन्यात 'महिन्याच्या पत्रा'वर दोनशे चार पत्रं आली. एवढी कधीच आली नव्हती. एकशे सत्तरांचं म्हणणं, अशा बायकांनी चित्रकथा वाचू नयेत. वीस जणांनी तिला लग्न मोडायचा सल्ला दिला होता, त्यातले अठरा तेरा-चौदा वर्षांचे असावेत. बाकीच्या चौदांनी आपापल्या घरच्या कडीबद्दल लिहिलं होतं. ती चौदा मी वेगळी ठेवली. त्यांवर नाव छापू नका असं कुणी लिहिलं नव्हतं. त्यांवर नावच नव्हतं.

महिना संपता संपता उंबरगीहून पाकीट आलं. आत दुकानाच्या शिक्क्याचा एकच कागद. मजकूर आप्पांच्या अक्षरात, दहा वर्षं मी वाचत आलेल्या:

'संपादक यांस, मागील अंकातील पत्र मी केवळ गंमत म्हणून लिहिले होते. त्यात सत्य काही नाही. माझे यजमान शांत स्वभावाचे आहेत. वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून हे पत्र कृपया त्याच जागी, त्याच टायपात छापावे.'

खाली सही तिची. तिचं अक्षर मला माहीत होतं, म्हणून तर त्या मंगळवारी आंतरदेशीय बघून मला बरं वाटलं होतं. ही सही तिचीच होती, पण लहान मूल पाटीवर गिरवतं तशी. एकेक अक्षर सुटं, ओळ खाली उतरत गेलेली. उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं केलेली.

मास्तरांनी ती बघितली. त्या अंकात त्यांनी ठिणगी काढलीच नाही. तिला परगावी पाठवलंय असं एका चौकटीत लिहून टाकलं.

पत्र मी छापलं. न छापून काय झालं असतं, याचा हिशेब मांडायला मी बसले होते, पण उंबरगीचे आकडे आता मला माझे वाटत नव्हते.

कागदाच्या अगदी तळाशी, सहीच्या खाली, त्याच नीटस अक्षरात आणखी एक ओळ होती: 'आमच्या गावी अंकाला मागणी वाढली आहे. पुढील महिन्यापासून पाच प्रती जास्त पाठवाव्यात. आपला, आप्पा.'

मी छत्तीस बांधल्या.